वाऱ्याला शेतकरी लागत नाही

पवनचक्क्या ढग पळवतात, असा समज २००२ ते २००४ या दुष्काळी वर्षांत सांगली-साताऱ्याच्या पूर्व भागात घट्ट बसला होता. पाती फिरतात, ढग फाटतात आणि पाऊस न पडताच पुढे निघून जातो, हे माण-खटावपासून जतपर्यंत पारापारावर छातीठोकपणे सांगितलं जाई. धुळ्याच्या साक्रीकडेही तेच. चक्क्या बंद करा, अशी मागणी होई. जाणकार समजावून थकले. पाऊस देणारे ढग पात्यांच्या कितीतरी वर असतात, हा सगळा टापू सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो, आणि १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा महाराष्ट्रात वीज करणारी एकही पवनचक्की उभी नव्हती.

समज चुकीचाच होता. पण तो पसरला का, हे त्याला हसून कळत नाही. ज्या वर्षी विहिरींनी तळ गाठला आणि जनावरं छावणीवर न्यावी लागली, त्याच वर्षी गावाच्या डोंगरावर कोट्यवधींची यंत्रं एकामागून एक उभी राहत होती. ती आभाळातून काहीतरी काढून घेत होती हे दिसत होतं. त्यातलं गावात काही उतरत नव्हतं हेही दिसत होतं. लोकांचं पदार्थविज्ञान चुकलं. त्यांचा हिशेब मात्र फारसा चुकलेला नव्हता, आणि या लेखाला त्या हिशेबातच रस आहे.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो. पवनऊर्जेला तत्त्वतः विरोध करावा असं मला काही दिसत नाही. कोळशावरच्या विजेला पाणी लागतं आणि ते भरपूर लागतं. परळीचं औष्णिक केंद्र २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. ज्या जिल्ह्यात माणसांना टँकरचं पाणी मिळण्याची मारामार, तिथे थेंबभर पाणी न घेता वीज करणारं यंत्र हे वरदानच म्हणायचं. शिवाय सौरऊर्जा सूर्यास्ताला संपते आणि घराघरांत दिवे, पंखे लागण्याची वेळ तेव्हाच सुरू होते. वारा संध्याकाळीही वाहतो. त्यामुळे चक्की हवी की नको, या वादात मला पडायचं नाही. चक्की कुणाची आणि तिच्या कमाईत डोंगराखालच्या गावाचा वाटा कोणता, याबद्दल मला बोलायचं आहे.

महाराष्ट्रात वाऱ्यावरची वीज पहिल्यांदा आली ती १९८६ मध्ये रत्नागिरीला, सरकारी प्रात्यक्षिक म्हणून. यंत्रं छोटी होती, उद्देश अभ्यासाचा होता. खरा पसारा वाढला तो नव्वदच्या दशकाच्या शेवटी, पाटण तालुक्यातल्या वनकुसवडे आणि शेजारच्या चाळकेवाडीच्या पठारांवर. कोयना धरणाच्या वरच्या अंगाला, समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच असलेले हे सडे. त्यावर शेकडो चक्क्या उभ्या राहिल्या आणि काही काळ तो आशियातल्या सर्वांत मोठ्या पवनप्रकल्पांमध्ये गणला गेला. मग सांगलीचं ढालगाव, साक्रीचं ब्राह्मणवेल, नगरच्या सुप्याजवळचा डोंगर. तुलसी तांती यांनी १९९५ मध्ये सुरू केलेली सुझलॉन ही कंपनी याच लाटेवर मोठी झाली. तांती मूळचे सुरतेच्या कापडधंद्यातले. विजेचं बिल परवडेना म्हणून त्यांनी आधी स्वतःच्या कारखान्यासाठी चक्क्या घेतल्या आणि मग चक्क्यांचाच धंदा केला. त्यांचं कर्तृत्व कमी लेखण्याचं कारण नाही.

पण त्या लाटेखाली जोर कशाचा होता? वाऱ्याचा कमी आणि आयकराचा जास्त. चक्कीवर वेगवान घसारा मिळत असे, सुरुवातीला पूर्ण शंभर टक्के, नंतर ८० टक्के. म्हणजे १ कोटीची चक्की घेतली की पहिल्याच वर्षी ८० लाख रुपये नफ्यातून वजा दाखवता येत. कराचा दर ३५ टक्के धरला तर २८ लाखांचा कर त्या वर्षीपुरता टळला. यंत्र वर्षातले १८० दिवस वापरात नसेल तर घसारा निम्माच मिळे, म्हणून सप्टेंबर संपण्याआधी ते उभं करण्याची घाई. ते हुकलं तर निदान निम्मा तरी पदरात पडावा म्हणून मार्चअखेरची घाई. (पिकांचे हंगाम दोन तसे चक्क्यांचेही दोनच होते म्हणायचे, फक्त ते पंचांगावर नव्हे तर आयकर कायद्यावर ठरत.) पुण्याच्या बजाज ऑटोसारख्या उद्योगांनी साताऱ्याच्या पठारावर चक्क्या घेतल्या त्या निदान आपल्या कारखान्यांची वीज भागवण्यासाठी. इतर कित्येक मालकांनी आपली चक्की उभ्या आयुष्यात एकदा तरी पाहिली असेल का, शंका आहे. यंत्र बसवण्यावर सवलत होती, चालवण्यावर नव्हती. ती चूक सरकारच्याही लक्षात आली. २००९ च्या अखेरीस तयार झालेल्या प्रत्येक युनिटमागे ५० पैशांचं प्रोत्साहन सुरू झालं आणि २०१७ पासून लिलाव आले. पहिल्याच लिलावात दर युनिटला ३ रुपये ४६ पैशांवर उतरला.

या सगळ्या धोरणांच्या उलथापालथीत गावाचा विचार कुठे होता? जमिनीच्या खरेदीखतात. तेवढाच.

पाटणच्या सड्यावरची जमीन बहुतेक वरकस. वर्षाला थोडी नाचणी-वरी, बाकी गवत. सातबाऱ्यावर भावकीतली पंधरा-वीस नावं, त्यातली निम्मी मुंबईला. अशा जमिनीला भाव नसतो आणि तिचा मालक सहजासहजी एका जागी सापडतही नाही. कंपनी म्हणून स्वतः गावात फिरत नाही. फिरतो तो दलाल, आणि तो बहुधा गावातला किंवा शेजारच्या गावातला असतो. मुखत्यारपत्रं गोळा करणं, वारसांच्या नोंदी लावणं, फेरफार करून घेणं, कुणाला उचल देणं, कुणाला हिस्सा तोडून देतो म्हणून भुलवणं हे त्याचं काम. जमीन कवडीमोलाने गेली, असं आज सगळेच म्हणतात. पण खरी गोम भावात नाही. गावकऱ्याला भाव एकदाच मिळाला. राज्याच्या वीज नियामक आयोगाने २००३ मध्ये चक्कीच्या विजेला जो दर बांधून दिला, तो युनिटला साडेतीन रुपये आणि पुढे तेरा वर्षं दरसाल १५ पैशांची वाढ असा होता. एका बाजूला एकदाच हातात पडलेली रक्कम, दुसऱ्या बाजूला वाढत जाणारं वार्षिक उत्पन्न. दोघांनी एकाच कागदावर सह्या केल्या आणि दोघेही कायद्याने बरोबर होते.

पाटणला हे नवीन नाही. कोयनेचं पाणी अडवलं तेव्हाही जमीन इथली गेली आणि वीज मुंबईकडे गेली. त्याच्याही मागे, १९२१ मध्ये मुळशी पेट्यात टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. त्या लढ्याने सेनापती बापटांना त्यांचं नाव दिलं. मुळशीत पुष्कळ जमिनी सावकारांकडे अडकलेल्या होत्या आणि ज्यांचं नाव कागदावर होतं त्यांच्यातल्या अनेकांना भरपाईत अडचण वाटत नव्हती. अडचण कसणाऱ्या मावळ्याची होती. शंभर वर्षांत वीज करण्याच्या तऱ्हा बदलल्या, तरी कागदावरचा मालक आणि जमिनीवरचा माणूस यांच्यातलं अंतर प्रत्येक वेळी तेवढंच राहिलं.

महाराष्ट्राकडे याला एक उत्तर होतं आणि ते त्याने जगाला दाखवलंही होतं. प्रवरानगरला १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला. कुडाच्या घरात राहणारे शेतकरी एका मोठ्या कारखान्याचे भागधारक झाले. मग प्रश्न असा पडतो की ज्या सातारा-सांगलीत सहकारी कारखान्यांच्या चिमण्या पावलोपावली दिसतात, तिथेच डोंगरावर शेकडो चक्क्या उभ्या राहिल्या आणि त्यांत गावकऱ्यांच्या मालकीची, सहकारी अशी चक्की नावालाही का नसावी? पैसा नव्हता हे उत्तर पुरत नाही. प्रवरेच्या शेतकऱ्याकडे कुठे होता? भांडवल सरकारने आणि वित्तसंस्थांनी दिलं. वाऱ्याच्या बाबतीत सरकारने करसवलतीच्या रूपाने कमी पैसा सोडला, असंही नाही.

माझ्या मते कारण वेगळं आहे आणि ते वाऱ्याच्या स्वभावातच आहे. उसाला शेतकरी लागतो. कारखाना कुणाचाही असो, शेतकऱ्याने ऊस तोडू दिला नाही तर गव्हाण थांबते. दरवर्षी गळीत हंगामाच्या तोंडावर पहिल्या उचलीसाठी आंदोलन होतं, ऊसगाड्या अडवल्या जातात, मंत्री चर्चेला बसतात, ते या एका ताकदीवर. सहकार टिकला, शेतकरी संघटनाही उभ्या राहिल्या, त्या याच ताकदीवर. वाऱ्याला शेतकरी लागत नाही. तो पेरावा लागत नाही, तोडावा लागत नाही, वाहून आणावा लागत नाही. शेतकऱ्याने एकदा जागा दिली की पुढची पंचवीस वर्षं कंपनीला त्याची गरजच उरत नाही. गावातली दोन-चार पोरं पहारेकरी म्हणून लागतात, आयटीआय केलेला एखादा देखभालीला लागतो. बाकी यंत्रावरची नजर शहरातल्या पडद्यावरून ठेवली जाते.

म्हणजे गावाची घासाघीस करण्याची सगळी ताकद प्रकल्पाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत एकवटते. जमीन घेताना, रस्ता करताना, पात्यांचे लांबलचक ट्रेलर पाणंदीतून नेताना आणि विजेच्या तारा शेतावरून ओढताना. त्या काळात कंपनीला वाया गेलेला प्रत्येक दिवस महाग असतो. कर्जाचं व्याज चालू असतं, वीज देण्याची मुदत ठरलेली असते, भाड्याने आणलेली अजस्र क्रेन जागेवर उभी असते. या वेळी जो अडवेल त्याला पैसे मिळतात. तारा एकदा जोडल्या गेल्या की कुणालाच काही मिळत नाही. अशा व्यवहारात हक्काने मागणाऱ्यापेक्षा अडवून मागणाऱ्याचं फावणार, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही.

बीड जिल्ह्यात जे घडलं ते मी याच्याशी जोडून पाहतो. पूर्वी बीड, धाराशिव, लातूर हे काही वाऱ्याचे जिल्हे समजले जात नव्हते. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट तर ऊर्जा आठपट. त्यामुळे साडेतीनशे किलोवॉटच्या ठेंगण्या चक्क्यांना सह्याद्रीचे माथेच परवडत. आता १४० मीटर उंचीच्या मनोऱ्यावर ३ मेगावॉट आणि त्याहून मोठी यंत्रं बसतात, त्यांची पाती मोठी असतात आणि बालाघाटाच्या माळावरचा मध्यम वाराही त्यांना पुरतो. म्हणून मराठवाड्यात गेल्या काही वर्षांत एकदम चक्क्यांचं पीक आलं. आणि सोबत ते सगळं आलं जे घाईतल्या पैशासोबत येतं: मावेजावरून भावाभावांत भांडणं, तारेच्या मार्गावरून रास्ता रोको, माती-मुरुमाच्या कंत्राटांवरून टोळ्या.

केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा ९ डिसेंबर २०२४ ला अपहरण करून निर्घृण खून झाला. त्याच्या तीन दिवस आधी पवनऊर्जा प्रकल्पाच्या आवारात पहारेकऱ्याला मारहाण झाली होती आणि सरपंच मध्ये पडले होते. कंपनीकडे २ कोटी रुपयांची खंडणी मागितली गेली आणि तिच्या आड आल्यामुळे हा खून झाला, असा तपास यंत्रणेचा आरोप आहे. दोष कुणाचा ते न्यायालय ठरवेल. या प्रकरणाची चर्चा झाली ती गुन्हेगारी, राजकीय आश्रय आणि जात या अंगांनी, आणि ती व्हायलाच हवी होती. पण मला त्यातला एक दुवा सुटलेला वाटतो. खंडणी मागणाऱ्याला एवढी मोठी रक्कम सुचते कुठून? प्रकल्पात एक अशी वेळ आहे की जेव्हा अडवणुकीला किंमत असते आणि ती किंमत कायदेशीरपणे गोळा करणारं गावाच्या बाजूचं कुणीच नसतं. रिकामी जागा कुणीतरी भरतंच. याचा अर्थ गुन्हेगारीला धोरण जबाबदार आहे असा नाही. उलट ज्या सरपंचाने गावातल्या माणसाची बाजू घेतली त्याच्या हातात गावाचा हक्क म्हणून दाखवता येईल असा एकही कागद नव्हता, हे मला जास्त बोचतं.

तो कागद कसा असू शकतो, याचे नमुने आपल्याच देशात आहेत. २००८ च्या जलविद्युत धोरणानुसार प्रकल्पातली १२ टक्के वीज राज्याला मोफत मिळते आणि वर १ टक्का स्थानिक विकासासाठी राखला जातो. खाणींसाठी २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे; स्वामित्वधनाच्या १० ते ३० टक्क्यांइतकी रक्कम खाणबाधितांसाठी वेगळी जमा होते. तो पैसा नीट खर्च होतो का, हा स्वतंत्र रडण्याचा विषय आहे, पण हक्क मान्य झाला आहे. पाण्याला आणि दगडाला जे लागू, ते वाऱ्याला का नाही? वारा कुणाचाच नाही, असं उत्तर मिळतं. नदीही कुणाची नव्हती.

आकडे मांडून पाहू. ३ मेगावॉटची चक्की वर्षभरात तिच्या क्षमतेच्या ३० टक्के चालली असं धरलं तर सुमारे ७९ लाख युनिट वीज तयार होते. साडेतीन रुपये दराने तिचे पावणेतीन कोटी होतात. त्यातला १ टक्का म्हणजे पावणेतीन लाख रुपये. गावच्या शिवारात अशा दहा चक्क्या असतील तर दरवर्षी सत्तावीस-अठ्ठावीस लाख. पंचवीस वर्षं. विजेवर त्याचा भार युनिटला साडेतीन पैसे. जी ग्रामपंचायत पाणीपुरवठ्याच्या मोटारीचं बिल थकवून बसलेली असते, तिच्यासाठी ही रक्कम लहान नाही. आणि मुख्य म्हणजे चक्की फिरती राहण्यात गावाचा स्वार्थ तयार होतो. रस्ता अडवण्यापेक्षा रस्ता मोकळा ठेवणं गावाला फायद्याचं ठरतं. विजेच्या मनोऱ्याखालच्या जागेला दुप्पट भरपाई देण्याच्या केंद्राच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचना स्वागतार्ह आहेत, पण त्याही एकदाच मिळणाऱ्या पैशाच्या. त्यांच्यामुळे घासाघीस त्याच दोन-तीन वर्षांत कोंबलेली राहते.

डेन्मार्कने आणखी पुढचं पाऊल टाकलं होतं. कोपनहेगनसमोरच्या समुद्रातल्या मिडलग्रुंडेन प्रकल्पातल्या २० चक्क्यांपैकी निम्म्या एका सहकारी संस्थेच्या, आणि तिचे सभासद साडेआठ हजारांच्या आसपास. २००९ पासून तिथे काही वर्षं असा कायदाच होता की नव्या प्रकल्पातले किमान २० टक्के भाग आजूबाजूच्या रहिवाशांना देऊ करायचे. डॅनिश शेतकऱ्याच्या खिशात भाग घ्यायला पैसे असतात, आपल्या जतच्या शेतकऱ्याच्या नसतात, हे खरं. म्हणूनच मी भागभांडवलापेक्षा उत्पन्नातल्या हिश्श्यापासून सुरुवात करा म्हणतो. त्यात गावाने आधी काही घालायचं नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असतो: गावाला पैसा दिला की पुढारी खातील, साखर कारखान्यांचं काय झालं ते बघा. बघितलं आहे. सहकारातून सम्राट निपजले, कारखाने आजारी पाडून ते आपल्याच नातलगांनी विकत घेतले, हे महाराष्ट्राला कुणी शिकवायला नको. पण त्याच कारखान्यांच्या परिसरात शाळा, कॉलेजं, दवाखाने, उपसा सिंचन योजनाही उभ्या राहिल्या. वनकुसवड्याच्या पठारावर वीस-पंचवीस वर्षांत काय उभं राहिलं, ते शेजारी ठेवून तुलना करावी. पैसा खाल्ला जाण्याच्या भीतीने तो द्यायचाच नाही, हा न्याय आपण मंत्रालयाला कधी लावत नाही.

मला अधिक अवघड वाटतो तो दुसरा प्रश्न. हिस्सा गावाला द्यायचा म्हणजे कुणाला? सड्यावरच्या गवताचा उपयोग ज्यांना होता त्यांत धनगरवाड्यांवरची कुटुंबं होती. त्यांतल्या अनेकांचं नाव कुठल्या सातबाऱ्यावर नव्हतं. साक्रीच्या डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या वनजमीन कसणारे भिल्ल आणि कोकणा आदिवासी होते. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्यांचा दावा मान्य होण्याच्या सुमारासच चक्क्यांनी तिथे जागा धरली होती आणि त्यावरून संघर्ष झाला. चक्क्यांच्या मालकांच्या दृष्टीने तेथील जमीन ‘पडीक’ होती. पडीक या शेऱ्याखाली काय काय दडतं याचा एक अनपेक्षित दाखला चाळकेवाडीनेच दिला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. चक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी आढळले. त्यामुळे त्यांचं भक्ष्य असलेले गळ्याला रंगीत पंखा असलेले सरडे तिथे संख्येने वाढले, माणसाला कमी बुजू लागले आणि त्यांच्या गळ्याचे रंगही फिके पडले. कागदावर पडीक असलेल्या सड्यावर कोण जगतं, याची नोंद संशोधकांनी सरड्यांपर्यंत केली. तिथे चरणाऱ्या मेंढ्यांची आणि त्यांच्या मागे फिरणाऱ्या माणसांची तशी नोंद प्रकल्प मंजूर करताना कुणी केली नव्हती. म्हणून हिस्सा सातबारावाल्या मालकाला वाटून न देता ग्रामसभेकडे आणि वाड्या-पाड्यांच्या सभांकडे जावा, आणि वहिवाटीने चराई करणाऱ्यांचा त्यात नावानिशी समावेश असावा. हे भांडणाचं काम आहे, मान्य. पण ते भांडण ग्रामसभेत होणं चांगलं की मुरुमाच्या कंत्राटावरून रस्त्यात होणं, हे ठरवायला फार विचार लागू नये.

आणि यासाठी पुन्हा एक संधी चालून येते आहे. सर्वांत उत्तम वाऱ्याच्या जागा आपण सर्वांत लहान यंत्रांना देऊन बसलो आहोत. सड्यावरच्या साडेतीनशे किलोवॉटच्या चक्क्या म्हाताऱ्या झाल्या. त्यांची जागा मोठ्या यंत्रांनी घ्यावी यासाठी केंद्राने २०१६ मध्ये धोरण आणलं आणि २०२३ च्या अखेरीस ते सुधारलं. आज ना उद्या तिथे पुन्हा क्रेन चढतील. नवे, रुंद रस्ते लागतील, जास्त दाबाच्या नव्या तारा लागतील, ग्रामपंचायतीची नवी ना हरकत लागेल. म्हणजे संपून गेलेली गावाची घासाघिशीची ताकद काही महिन्यांसाठी परत येणार आहे. राज्य सरकारने नव्या परवानगीची अट म्हणून उत्पन्नातला हिस्सा आधीच लिहून ठेवला नाही, तर ती ताकद पुन्हा दलालाकडे जाईल, आणि मस्साजोगनंतर ती आणखी कुणाकडेही जाऊ शकते. पाटण तालुक्यातल्या ग्रामसभांनी मुंबईच्या धोरणाची वाट बघत बसू नये. ठराव करायला कुणाची परवानगी लागत नाही. क्रेन घाटाच्या खाली असतानाच तो झाला पाहिजे, वर चढल्यावर त्याचा उपयोग नाही.